काच कोणी उघडी ठेवली?

ऑगस्ट 2025 मध्ये बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा उद्यानात सफारीच्या गाडीत बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला बिबट्यानं खिडकीतून पंजा मारला. जखम सुदैवानं हातावर निभावली. व्हिडिओ घरोघरी पोचला आणि चर्चा नेहमीच्या दोन वाटांनी गेली. एका वाटेवर 'हात बाहेर काढायचाच कशाला?', 'आईबापांचं लक्ष कुठं होतं?', 'आपल्या लोकांना शिस्त म्हणून नाहीच'. दुसऱ्या वाटेवर 'जनावरं कोंडून त्यांचा तमाशा मांडता, मग भोगा'. पहिल्या बाजूला माणसाला अक्कल शिकवायची आहे, दुसरीला त्याची जिरल्याचं समाधान हवं आहे. बिबट्याच्या आवारातून जाणाऱ्या गाडीला पंजा आत येईल एवढी फट होती, ती कोणी ठेवली आणि कशासाठी, हे विचारणारे आवाज दोन्हीकडे क्षीणच. पुढं तीनच महिन्यांत, नोव्हेंबरमध्ये, त्याच उद्यानात बसमध्ये बसलेल्या पन्नाशीच्या एका बाईंना बिबट्यानं खिडकीतूनच जखमी केलं. आता काय म्हणायचं? त्यांच्या आईबापांचं लक्ष नव्हतं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिकीट लावून माणसाला हिंस्र प्राण्याजवळ नेणाऱ्यानं माणूस चुकणारच हे धरून चाललं पाहिजे. तो वेंधळेपणानं चुकेल, हौसेनं चुकेल, घाबरून चुकेल, पोटात ढवळतंय म्हणून चुकेल. ज्या व्यवस्थेत एका क्षणाच्या चुकीची किंमत जीव आहे, ती व्यवस्था सदोष आहे. चूक करणारा कितीही मूर्ख असला तरी. मूर्खपणा माफ करावा असं यात कुठंही नाही. दोष कोणाचा हा एक प्रश्न आणि पुढचा अपघात कसा टाळायचा हा दुसरा. आपण पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा सुटला असं समजून उठून जातो.

या वादाचा सगळ्यात गाजलेला नमुना चीनमधला आहे. बीजिंगच्या उत्तरेला, चीनच्या भिंतीजवळ बादालिंगचं वन्यप्राणी उद्यान आहे. तिथं लोक स्वतःची गाडी घेऊन सैबेरियन वाघांच्या आवारातून जात. 23 जुलै 2016 रोजी एका कुटुंबाची गाडी तिथं थांबली. नवरा गाडी चालवत होता, बायको शेजारी, सोबत तिची आई आणि लहान मूल. बायको दार उघडून उतरली, गाडीला वळसा घालून नवऱ्याच्या दाराशी आली आणि उभी राहिली. मागून आलेल्या वाघानं तिला खाली पाडून ओढत नेलं. नवरा उतरून धावला, आई धावली. आईला दुसऱ्या वाघानं मारलं. बायको भयंकर जखमी झाली, पण वाचली. कॅमेऱ्यानं टिपलेलं हे सगळं मोजक्या सेकंदांचं आहे.

देशभर बोभाटा झाला तो असा, की ही बाई नवऱ्याशी भांडून तणतणत उतरली. आईचा जीव घेतलान, अशी भाषा झाली. ऑगस्टमध्ये जिल्हा प्रशासनाच्या चौकशीनं उद्यानाला जबाबदारीतून मोकळं केलं. कारणं कागदावर चोख होती: सूचना दिल्या होत्या, नियमांच्या कागदावर सही घेतली होती, जवळच्या गस्तीच्या गाडीनं ओरडून सावध केलं होतं. बाईंनी पुढं सुमारे वीस लाख युआनच्या भरपाईची मागणी केली, तेव्हा लोक आणखी चिडले. तिचं स्वतःचं म्हणणं काय होतं? भांडण झालंच नव्हतं, गाडी लागत होती म्हणून जागा बदलायची होती, आणि हिंस्र प्राण्यांचा भाग मागं पडला असं वाटलं.

हे शेवटचं वाक्य खरं की बचावापुरतं, हे तुम्हीआम्ही ठरवू शकत नाही, आणि ठरवायचं कारणही नाही. माझ्या दृष्टीनं प्रश्न वेगळाच आहे. आपण वाघाच्या आवारात आहोत की बाहेर, अशी शंका माणसाला यावी, अशी जागा मुळात असावीच कशी? मोटारीच्या आतलं जग डोळ्यासमोर आणा. एसी चालू, गाणं चालू, मागं पोर खाऊसाठी भुणभुण करतंय, पायाशी चपला काढून ठेवलेल्या. पुढं रस्ता, बाजूला झाडं, मागंपुढं आपल्यासारख्याच गाड्या. दाराची कडी हाताखाली, हजारदा उघडलेली. वरंध घाटात कुणाला गाडी लागली की आपण काय करतो? बाजूला घेतो, उतरतो, तोंडावर पाणी मारतो, आणि ज्याला मळमळतंय त्याला पुढं बसवतो. तिचं म्हणणं खरं धरलं तर बादालिंगच्या त्या बाईनं नेमकं तेवढंच केलं. शरीराला लागलेली सवय फलक वाचून सुटत नाही. वाघाच्या आवारात माणसाला त्याच्या स्वतःच्या गाडीत बसवणं म्हणजे त्याला त्याच्या घरात बसवून 'आता घरातल्यासारखं वागू नकोस' असं सांगणं आहे.

आणि फलकांचा, सह्यांचा, त्या भयानक चित्रणाचा उपयोग किती झाला? 2017 च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे साऱ्या चीननं तो व्हिडिओ पाहून वर्ष उलटल्यावर, त्याच बादालिंगमध्ये एका माणसानं काच खाली करून अस्वलाला खाऊ घातलं आणि अस्वल त्याला चावलं. माणूस दुसऱ्याच्या मरणावरून शिकत असता तर वाहतूक पोलिसांचं खातं कधीच बंद झालं असतं.

त्याच 2016 च्या मे महिन्यात अमेरिकेत सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात तीन वर्षांचं एक मूल कठड्यातून आत शिरून गोरिलाच्या खंदकात पडलं आणि मुलाला वाचवण्यासाठी गोरिलाला गोळी घालावी लागली. हे काही मोटारीतून बघायचं उद्यान नव्हतं, पण वाद तोच आणि आरोपीही तीच: आई. तिच्यावर खटला भरा म्हणून सह्यांच्या मोहिमा निघाल्या. संग्रहालयाचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं. कठडा तपासणीत उत्तीर्ण होता, आणि 38 वर्षांत एकदाही कोणी आत गेलं नव्हतं. मग पुढं काय झालं? संग्रहालयानं कठडा वाढवून 42 इंचांचा केला आणि त्याला जाळी लावली, तेव्हाच गोरिलाचा भाग पुन्हा उघडला. ज्यांच्या मते दोष आईचा होता त्यांनीही दुरुस्ती केली ती कठड्याची, कारण जगातल्या समस्त आयांची दुरुस्ती करणं कोणाच्याच हातात नसतं.

'मूर्ख होता म्हणून मेला' हे वाक्य आपल्याला इतकं प्रिय का? कारण त्याचा उरलेला अर्धा भाग आपण मनात म्हणतो: मी मूर्ख नाही, म्हणजे मी मरणार नाही. या समजुतीवरचा जालीम उतारा सप्टेंबर 2025 मध्ये बँकॉकला मिळाला. तिथल्या सफारी वर्ल्डमध्ये सिंहांच्या आवारात एक कर्मचारी गाडीतून उतरला आणि पर्यटकांच्या डोळ्यांदेखत सिंहांनी त्याला मारलं. लोक आपापल्या गाड्यांतून भोंगे वाजवत राहिले. हा माणूस नवखा नव्हता, नियम माहीत नसलेला नव्हता. त्याची दोनेक दशकं त्याच कामात गेली होती. 'गाडीतून उतरू नका' हे वाक्य त्यानं स्वतः कितीदा लोकांना सांगितलं असेल! सिंहांबरोबर आयुष्य काढलेला माणूस जिथं चुकतो, तिथं रविवारी पोराबाळांना घेऊन आलेल्या कारकुनानं चुकू नये, ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

आता विरुद्ध बाजूचं खरं बळ कशात आहे ते बघू. उथळ टोमणे सोडा, तीन मुद्दे वजनदार आहेत. पहिला, स्वतःच्या जबाबदारीचा. सज्ञान माणसाला धोका सांगितला, त्यानं सही केली, तरी तो उतरला. आता त्याच्यासाठी बाकीच्या हजारोंनी जाळीतून का बघायचं? दुसरा, मरणाऱ्यांच्या संख्येचा. अशा उद्यानांत पर्यटक मरण्याचे प्रसंग जगभर विरळाच. तिथं पोचेपर्यंतच्या रस्त्यावर माणूस मरण्याची शक्यता कितीतरी जास्त. तिसरा मुद्दा सगळ्यात तगडा, तो क्रुगरचा. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात 1927 पासून लोक स्वतःच्या मोटारी घेऊन जातात. पहिल्या वर्षी तीन गाड्या आल्या होत्या, आज लाखो माणसं येतात. सिंह मोकळे, माणसं आपापल्या गाडीत, नियम एवढाच की ठरावीक जागांखेरीज उतरायचं नाही. शतक होत आलं, हे चाललंय. मग माणसावर विश्वास ठेवता येत नाही असं कसं म्हणता?

क्रुगरचा मुद्दा मलाही बराच काळ निरुत्तर करणारा वाटत असे. पण क्रुगर सुमारे वीस हजार चौरस किलोमीटरचं आहे आणि तिथला सिंह जंगली आहे. त्याच्या लेखी मोटार म्हणजे एक मोठी, वास मारणारी, निरुपयोगी वस्तू. ती त्याला खायला घालत नाही, त्याच्या वाटेत येत नाही, आली तर तो उठून दुसरीकडं जातो. मोटारीतून बघायच्या उद्यानातला सिंह पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात वाढलेला असतो. माणसाचं भय त्याच्यात उरलेलं नसतं. काही ठिकाणी त्याचं मांसही गाडीतूनच येतं. जून 2015 मध्ये जोहान्सबर्गजवळच्या लायन पार्कमध्ये एका अमेरिकन तरुणीला सिंहिणीनं गाडीच्या उघड्या खिडकीतून मारलं. काचा बंद ठेवा असा नियम तिथंही होता. पण हेच पार्क सिंहाच्या बछड्यांना कुरवाळू देण्यासाठीही प्रसिद्ध होतं. एका फाटकात 'ये, गोंजार' आणि पुढच्या फाटकात 'काच खाली करशील तर मरशील', असे दोन धडे माणसाला एकाच तिकिटावर मिळत होते. मनात पहिला राहतो, कारण तो हाताला लागलेला असतो. क्रुगरमध्ये अंतर आहे, भय शिल्लक आहे आणि मुक्कामाच्या जागांभोवती कुंपण आहे, सूर्यास्ताला फाटकं बंद होतात. तिथंही भिस्त निव्वळ माणसाच्या शहाणपणावर नाही. तीन गोष्टींमागं चौथी म्हणून शहाणपण आहे. बादालिंगमध्ये शहाणपण एकटंच होतं.

संख्येचा मुद्दा खरा आहे, पण तो सोयीनं वापरला जातो. रस्त्यावर माणसं मरतात म्हणून लिफ्टचं दार उघडं ठेवा, असं कोणी म्हणत नाही. शिवाय रस्ता ही गरज आहे. सफारी ही विकत घेतलेली मजा आहे, आणि मजा विकणाऱ्याकडं अधिक चोखपणा मागणं रास्तच.

उरला जबाबदारीचा मुद्दा. यावर कायद्यानं आपल्याआधी पुष्कळ विचार केलेला आहे. 1957 मध्ये इंग्लंडमध्ये एका खटल्याचा निकाल लागला. एका सर्कशीतले हत्ती कुत्र्याच्या भुंकण्यानं बिथरले होते आणि त्यात माणसाला इजा झाली होती. हत्ती माणसाळलेले होते, माहुताची चूक नव्हती. तरी न्यायालयानं सर्कशीला जबाबदार धरलं, कारण हत्ती ही जात धोकादायक आणि ती पाळणारा तिच्या धोक्यासकट पाळतो. चीनच्या कायद्यातही प्राणिसंग्रहालयातल्या जनावरानं इजा केली तर जबाबदारी संग्रहालयाची, देखरेखीचं कर्तव्य पार पाडल्याचं सिद्ध करायचं तेही त्यांनीच. आपल्याकडं दिल्लीतल्या ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 1986 मध्ये सांगितलं की धोकादायक उद्योग चालवून नफा कमावणाऱ्याला 'आम्ही काळजी घेतली होती' हा बचाव मिळणार नाही. तो निकाल रसायनांच्या कारखान्याबद्दलचा होता. बिबट्याला तो जसाच्या तसा लावा असं मी म्हणत नाही. आणि इंग्लंडच्या 1971 च्या कायद्यात, इजा पूर्णपणे स्वतःच्या चुकीनं झाली असेल तर मालक सुटतो हेही खरं. भरपाई कोणाला किती मिळावी यावर न्यायालयांनी खुशाल काथ्याकूट करावा. बादालिंगच्या बाईला दमडी मिळू नये असं कुणाचं मत असेल तर मी भांडायला जाणार नाही. पण भरपाई नाकारल्यानं दाराची कडी बदलत नाही. सही केलेला कागद उद्यानाला कोर्टात वाचवतो, माणसाला वाघापुढं नाही.

हा वाद वाघसिंहांच्या आधी यंत्रांवरून होऊन गेलेला आहे. पिंपरी-चिंचवड, चाकण, भोसरीच्या वर्कशॉपांत पॉवर प्रेसवर बोटं गमावलेली माणसं आजही भेटतात. अशा वेळी मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं: 'लक्ष नव्हतं त्याचं.' खरंही असतं. रात्रपाळीच्या शेवटच्या तासाला, दर मिनिटाला तोच पत्रा तोच हात, लक्ष कोणाचं राहतं? 1948 च्या कारखाने कायद्यानं म्हणून कामगाराला नुसता उपदेश केला नाही. कलम 21 म्हणतं, यंत्राचा धोकादायक भाग भक्कम कुंपणानं बंदिस्त करा. चांगल्या प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येतच नाही. कामगार पेंगला तरी बोट जात नाही, फार तर जॉब, म्हणजे तो पत्रा, वाया जातो. अमेरिकेत मोटार कंपन्या अपघातांचं खापर कित्येक वर्षं गाडी चालवणाऱ्याच्या माथी फोडत होत्या. 1966 मध्ये सरकारनं वाहन सुरक्षेचा कायदा करून गाडीची रचनाच बदलायला लावली. गंमत म्हणजे त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लाँगलीट इथं आफ्रिकेबाहेरचं पहिलं मोटारीतून बघायचं सिंह-उद्यान उघडलं. एका लॉर्डाची जमीन आणि सर्कसवाल्या चिपरफील्ड घराण्यातल्या जिमीची कल्पना. मोटार सुरक्षित कशी करावी याचा कायदा होत होता त्याच साली तीच मोटार पिंजऱ्याच्या बदली वापरायला सुरुवात झाली. मोटार बनवणाऱ्यानं ती सिंहाला अडवण्यासाठी बनवलेली नसते. तिचं दार आतून सहज उघडावं यासाठी तर अभियंत्यांनी डोकं घातलेलं असतं, कारण अपघातात माणूस लवकर बाहेर पडला पाहिजे!

मुंबईकरांना हा वाद सांगायलाच नको. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून पडली, चौघे त्याच दिवशी गेले. 'लटकायचं कशाला?' हे विचारणारे तेव्हाही होते, बहुतेक घरून काम करणारे. आपोआप बंद होणाऱ्या दारांचा विषय मात्र रेल्वेनं त्याच दिवशी पुन्हा काढला. ती दारं कधी येतात ते बघूच, पण उत्तराची दिशा दारं हीच आहे हे रेल्वेलाही नाकारता आलं नाही.

मग कुंपण, जाळ्या, बंद गाड्या आल्या की सफारीत उरलं काय, हा आक्षेप येतोच. फ्लोरिडातल्या लायन कंट्री सफारीचा अनुभव यावर बोलका आहे. 1967 पासून तिथं सिंह मोटारींच्या मधून हिंडत. सांगूनसवरून लोक दारं उघडत राहिले, तेव्हा 2005 च्या सुमारास उद्यानानं सिंह आणि रस्ता यांच्यामध्ये कुंपण घातलं. उद्यान बंद पडलं नाही, लोक यायचे थांबले नाहीत. एक थरार गेला, कबूल. पण तो थरार नेमका कशाचा होता? सिंहाचा की कुंपण नसल्याचा? सिंह बघण्यात आनंद आहे, तो कुंपणाआडूनही मिळतो. कुंपण नसल्याचा आनंद हवा असेल तर तो सिंहाच्या जिवावर उठणाराही आहे. माणूस मेला की जनावराला गोळी, नाहीतर जन्मभर कोठडी. 'प्राण्याला मोकळं राहू द्या' म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडावा. प्राण्याला मोठं आवार हवं, त्यात झाडी हवी, पाणी हवं, लपायला जागा हवी. पर्यटकाची ह्युंदाई त्यात हवीच असं कुठल्याही सिंहानं अजून कळवलेलं नाही.

या बाबतीत आपल्याकडची पद्धत, आश्चर्य वाटेल, पण जगातल्या पुष्कळ नामांकित ठिकाणांपेक्षा शहाणी आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सिंह-वाघांची सफारी जाळीच्या मिनीबसमधून होते. 26 जानेवारी 2021 ला नागपूरजवळ गोरेवाड्याची भारतीय सफारी सुरू झाली, तिथंही वाघ, बिबटे, अस्वलं बघायला उद्यानाचीच बस. खासगी गाडी फाटकाबाहेर. ही बस दिसायला ओबडधोबड असते. खिडकीला जाळी, जाळीला रंगाचे पोपडे. वाघ दिसला की सगळी बस एका अंगाला झुकते, आजोबांना काही दिसत नाही, मोबाइलची भिंगं जाळीच्या भोकाला लावायची धडपड चालते, पोरं दोन बोटं बाहेर काढतातच आणि मागून कोणीतरी 'अरे बसा की खाली' ओरडतं. म्हणजे बेशिस्त पुरेपूर असते. मुद्दा हा की त्या बेशिस्तीनं कोणी मरत नाही. दार उघडणं चालकाच्या हातात असतं, प्रवाशाच्या नाही. ज्यांनी ही पद्धत बसवली त्यांनी आपल्या लोकांना नीट ओळखलं होतं.

आता नेमकी हीच बाजू सैल होऊ लागली आहे. तक्रार एकच: फोटो नीट येत नाहीत. मग मोठ्या काचा, सरकत्या खिडक्या, कॅमेऱ्यासाठी ठेवलेल्या फटी, लहान 'खास' गाड्या जास्त तिकिटाच्या. बन्नेरघट्ट्याच्या प्रसंगानंतर कर्नाटकच्या वनमंत्र्यांना खिडक्या आणि कॅमेऱ्यासाठीच्या फटी जाळीनं बंद करायला सांगावं लागलं, यातच सगळं आलं. भिंग आत-बाहेर होईल एवढ्या जागेतून बिबट्याचा पंजाही आत-बाहेर होतो. बन्नेरघट्ट्यात सिंह-वाघांची सफारी जुनी, बिबट्यांची 2024 मधली. सिंहाला ज्या गाडीतून बघायचं त्याच गाडीतून बिबट्याला बघता येईल असं धरून चाललं तर काय होतं ते दिसलंच. बिबट्या झाडावर चढतो, भिंतीवर चढतो, मग गाडीच्या खिडकीची उंची त्याला काय?

इथं एक घोटाळा निस्तरायला हवा. ताडोबातल्या उघड्या जिप्सीचं उदाहरण देऊन 'तिथं तर जाळीही नाही, तरी काही होत नाही' असं म्हणणारे भेटतात. ताडोबा हे जंगल आहे, तिथला वाघ यजमान आहे आणि आपण आगंतुक. तिथली सुरक्षितता वाघाच्या लाजरेपणावर आणि आपण राखलेल्या अंतरावर उभी आहे. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण म्हणूनच प्राण्यापासून किमान वीस मीटर दूर राहायला सांगतं. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पाच बछडी घेऊन निघालेल्या वाघिणीची वाट जिप्स्यांनी दोन्हीकडून अडवली, तेव्हा नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. त्या दिवशी वाघीण बिथरली असती तर मी पर्यटकांच्या आणि गाइडांच्याच नावानं बोटं मोडली असती. जंगलाची रचना माणसानं केलेली नाही, त्यामुळं तिथं वागणुकीवर भर हवाच. प्राणिसंग्रहालयाच्या सफारीत मात्र फाटक, रस्ता, खिडकी, जनावराच्या जेवणाची वेळ, सगळं माणसानं ठरवलेलं असतं. ज्यानं ठरवलं त्यानं उत्तर द्यावं.

आणि या सगळ्या वादात ज्यांचं नाव कोणी घेत नाही ती माणसं म्हणजे रखवालदार, मांस टाकणारे, गस्तीच्या गाडीतले. बादालिंगला 2014 मध्ये वाघानं मारला तो तिथला सुरक्षा कर्मचारी होता. बन्नेरघट्ट्यात ऑक्टोबर 2017 मध्ये पांढऱ्या वाघांनी एका रखवालदाराचा जीव घेतला. बँकॉकचं वर आलंच आहे. ही माणसं पर्यटकासारखी तासाभरानं घरी जात नाहीत, रोज त्याच फाटकातून आत-बाहेर करतात, आणि रोजच्या कामात धोका विसरायला होतो हा मनुष्यस्वभाव आहे. त्यांच्याबाबत 'नियम मोडला' म्हणून फाइल बंद करणं तर आणखी सोपं, कारण त्यांच्या बाजूनं व्हिडिओ टाकणारं कोणी नसतं. आवारात एकट्यानं उतरता येणारच नाही, एक फाटक लागल्याशिवाय दुसरं उघडणारच नाही, जनावर आतल्या पिंजऱ्यात गेल्याचं दोघांनी पाहिल्याशिवाय तिसरा बाहेर जाणार नाही, ही व्यवस्था पगारी माणसासाठी आधी हवी. पर्यटकाला तिचा फायदा आपोआप मिळतो.

हे आत्ताच का लिहायचं? कारण जुन्नर तालुक्यात आंबेगव्हाणला बिबट सफारी करायचा प्रस्ताव गेली काही वर्षं गाजतोय. माणिकडोहच्या निवारा केंद्रात पकडलेले बिबटे आहेत, त्यातल्या काहींना पुन्हा सोडता येण्यासारखं नाही, त्यांना पिंजऱ्याऐवजी मोठं आवार मिळालं तर वाईट काय? माझा त्याला विरोध नाही. पण त्याच पट्ट्यात, शिरूरच्या पिंपरखेडला, 2025 च्या शेवटाला बिबट्याच्या भीतीनं माणसं गळ्याभोवती खिळ्यांचे पट्टे बांधून शेतावर जात होती. उसातल्या त्या शेतकऱ्याला कोणी सफारीचं तिकीट काढून दिलेलं नव्हतं, आणि 'लेकरू अंगणात सोडलंच कशाला?' हा प्रश्न तिथंही विचारला गेलाच. अशा मुलखात पुण्या-मुंबईच्या लोकांना बिबट्या दाखवायचा धंदा सुरू करणार असाल, तर पकडलेला बिबट्या माणसाला चांगला ओळखतो, वस्तीला बुजत नाही, हे सगळ्यात आधी निविदेत उतरलं पाहिजे. जाळीचं भोक किती इंचांचं, काच कोणाच्या हुकमानं उघडेल, बस मध्येच बंद पडली तर दुसरी किती मिनिटांत येईल, गस्तीच्या गाडीत बेशुद्ध करणारा पशुवैद्य असेल की नुसताच भोंगा, जेमतेम टळलेल्या अपघातांची नोंद कोण ठेवेल आणि ती लोकांना बघायला मिळेल की नाही. खर्च वाढेल म्हणतात. वाढू दे तिकीट पन्नास रुपयांनी. बिबट्या बघायला पुण्याहून निघालेला माणूस वाटेत नारायणगावला मिसळीवर त्याहून जास्त घालवतो.